काल्पनिक असल्याचा दाखला

जी बाई कधी जन्मालाच आली नाही, ती अस्तित्वात नाही हे कागदोपत्री सिद्ध करणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी तो उद्योग केलेला नाही त्यांना सांगून पटायचे नाही. मोठ्या बाईंनी तो केला. एकतीस वर्षे शाळा आणि बावन्न वर्षे नवरा सांभाळलेल्या मोठ्या बाईंना वाटले होते, दोन दिवसांचे काम आहे. त्याला सात आठवडे लागले. तेवढ्या अवधीत दोन बायकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले, त्यांतल्या एकीने ते पुन्हा सुरू केले, आणि बोलणे बंद होते तेव्हाच बरे होते असे बाईंना वाटू लागले.

प्रकरण एका कथेचे होते. बारा वर्षांपूर्वी बाईंनी एक दीर्घकथा लिहिली, ती एका मासिकात छापून आली, वाचकांची चार पत्रे आली (त्यांतले एक केवळ मुद्रणदोषांबद्दल होते आणि बाईंना तेच सर्वांत आवडले), आणि मग जगाने ती कथा विसरण्याचे आपले काम चोख बजावले. अशात एके दिवशी दारात एक मुलगी उभी राहिली. तिच्या विजारीला अकरा खिसे होते आणि त्यांपैकी एकातही तिला तिचे पेन सापडत नव्हते. ती सिनेमे करते, असे तिने सांगितले. बाईंच्या यजमानांनी त्या क्षणी तिचे नाव खिसेवाली ठेवले आणि ते तिला जन्माचे चिकटले.

"बाई, अशी बाई पडद्यावर कुणी दाखवतच नाही हो," खिसेवाली म्हणाली. "पडद्यावरची बाई एक तर रडत असते, नाहीतर कुणाच्या तरी दुधात विष कालवत असते. तुमची ही बाई दोन्ही करत नाही. मला हिच्यावरच सिनेमा करायचाय."

हे वाक्य ऐकायला बाई बारा वर्षे थांबल्या होत्या. अर्थात तसे चेहऱ्यावर दिसू देणे त्यांच्या पदाला शोभले नसते. "बैस," एवढेच त्या म्हणाल्या.

कथेतली बाई होतीच तशी. तिला कथेत नाव नव्हते; 'ती' म्हणूनच तिचा सारा कारभार चाले. तिने अकरा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा केली, कधी तोंड वाकडे केले नाही, आणि सासू गेली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात हलक्या आवाजात गात होती. ती शेजाऱ्यांशी खोटे बोले, आणि तेही कसल्या फायद्यासाठी नव्हे. पाऊस पडत असताना फोनवर ऊन असल्याचे सांगावे, इतक्या निरर्थकपणे. तिला दोन मुलगे होते. धाकट्यावर तिचा जीव होता. थोरला शहाणा, कामसू, शब्दाबाहेर न जाणारा. आणि काही केल्या तिला त्याची माया येत नसे. बाईंनी या कशाचेही कारण दिले नव्हते. कथेच्या शेवटी ती सुधारतही नव्हती.

आठवड्याभराने खिसेवालीच्या कंपनीतला कायदेवाला आला. तो प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत असे. पूर्वी एका सिनेमातली काकू ही आपणच, असे म्हणून लेखकाची खरी काकू कोर्टात गेली होती, तेव्हापासून कंपनीने नियम केला होता. लेखिकेने प्रतिज्ञापत्र करून द्यायचे की हे पात्र काल्पनिक आहे. आणि लेखिकेच्या निकटच्या तीन प्रौढ स्त्रियांनी लिहून द्यायचे की हे पात्र म्हणजे आपण नव्हे आणि आपली काही हरकत नाही.

"तीन सह्या घ्या, मॅडम. कुणी वाचत बसत नाही. दहा मिनिटांचं काम."

"बाई म्हणा," बाई म्हणाल्या. "आणि न वाचता? प्रगतिपुस्तकावर न वाचता सही करणाऱ्या पालकांना मी दारातून परत पाठवलेलं आहे."

इथेच घात झाला. दुसऱ्या कुणीही तीन ओळखीच्या बायकांपुढे कागद सरकवला असता, चहा पाजला असता आणि सह्या गोळा केल्या असत्या. बाईंनी कथेच्या तीन प्रती काढून आणल्या, प्रत्येकीवर वाचनाची मुदत घातली, आणि प्रती खरोखर वाचल्या जाव्यात म्हणून शेवटच्या पानावर आपल्या टपोऱ्या अक्षरात एक प्रश्न लिहिला: 'या बाईंचे वागणे तुम्हांस ओळखीचे वाटते काय? चार ओळींत कारणे द्या.'

जो प्रश्न कायदेवाल्याला जन्मात कुणाच्या मनात येऊ द्यायचा नव्हता, तो बाईंनी स्वहस्ते, ठळक लिहून, घरोघर पोहोचवला.

"माझं काय आहे त्या गोष्टीत?" यजमानांनी विचारले.

"तुम्ही पान सातवर वारता."

"बरं." यजमान थोडा वेळ पेपर वाचत राहिले. "कशानं?"

"तापानं."

"डॉक्टरला दाखवलं होतं का?"

"तेवढी जागा नव्हती."

"मग माझीही हरकत नाही असं लिहून देऊ का?"

"गेलेल्यांची सही लागत नाही," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

मुदतीच्या दोन दिवस आधीच समोरच्या घरातल्या बाई आल्या. या समोरच्या बाई सव्वीस वर्षे समोर राहत होत्या आणि तेवढ्या काळात त्यांनी बाईंकडून इस्त्री आणि शिडी यांपलीकडे काही मागितले नव्हते. आज त्यांच्या हातात उत्तर होते. चार ओळींच्या जागी चार पाने.

"रेडिओ लागला होता," दारातूनच त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"सासूबाई गेल्या तेव्हा. आमच्या स्वयंपाकघरात. रेडिओ लागला होता, म्हणून मी गुणगुणत होते. मुद्दाम नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंना कुणीच सांगितले नव्हते. ही गोष्ट आजवर जगात एकट्या समोरच्या बाईंना ठाऊक होती. आता दोघींना झाली. बाईंनी त्यांना शपथेवर सांगितले, की ती तुम्ही नाही. तुम्ही माझ्या मनातसुद्धा नव्हता.

हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारलेले होते. समोरच्या बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"मनातसुद्धा नव्हते? सव्वीस वर्षं मी समोर राहते, मोठ्या बाई. तुमची शिडी जिना उतरून नेते, जिना चढून आणते. आणि तुम्हाला लिहायची वेळ आली तेव्हा मी एक ओळभर आठवले नाही?"

त्या सही न करताच गेल्या. शिडी त्याच संध्याकाळी परत आली, दाराला टेकवून ठेवलेली, निरोपाशिवाय.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना कथेतल्या बाईच्या स्वभावाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांचा आक्षेप पान एकोणीसवर होता. "अकरा वर्षं अंथरुणावर आणि पाठीला एक जखम नाही? कूस कोण बदलत होतं? किती तासांनी? हे लिहिलेलं नाही. असल्या निष्काळजी गोष्टीवर मी सही करणार नाही." बाईंनी पान एकोणीसच्या समासात 'दर दोन तासांनी कूस बदलली' असे लिहून दिले, तेव्हा कुठे नर्सबाईंनी सही केली आणि जाता जाता, गाण्याबद्दल, सहज म्हणावे तसे म्हणाल्या, "ते मात्र बरोबर आहे हो. पुष्कळजणी गातात. आम्ही बाहेरून ऐकायचो."

तिसऱ्या होत्या बाईंच्या नणंदबाई. त्यांनी उत्तरात एकच शब्द लिहिला होता: 'होय.'

"वन्सं, होय म्हणजे काय?"

"होय म्हणजे होय, वहिनी. ती मीच. खोटं बोलायची सवय मला लहानपणापासून. दादाला विचारा. आता एवढंच बघा, की सिनेमात मला जरा उंच दाखवा. आणि ती गोष्टीतली साडी वांगी रंगाची नको, मला मुळीच खुलत नाही."

"वन्सं, ती तुम्ही नाही."

"असं कसं? मी जावेला फोन करून सांगितलंसुद्धा."

नणंदबाईंना आपण कथेतल्या कुणीच नाही हे पटवायला बाईंना नऊ दिवस लागले. पटल्यावर त्यांनी सही केली, पण अबोला धरला. समोरच्या बाईंनीही मग सही केली. मात्र त्यांनी आपला अबोला मोडला आणि रोज सकाळी येऊन कथा कशी सुधारता येईल ते सांगू लागल्या. त्या बाईला शेवटी मोठा आजार व्हावा. किंवा तिचा थोरला मुलगा मरता मरता वाचावा, म्हणजे तिचे डोळे उघडतील. तिच्या लहानपणी कुणी तरी तिला फार छळलेले असावे, म्हणजे वाचणाऱ्याला हायसे वाटते.

गंमत अशी, की तिसऱ्या आठवड्यात खिसेवालीही हेच घेऊन आली. तिला पैसे पुरवणाऱ्या माणसांनी विचारले होते, बाई अशी का वागते? प्रेक्षकांना कारण लागते.

"कारण?" बाईंचा आवाज मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरला. "गोष्टीतला पुरुष एक दिवस उठतो, घरदार सोडून निघून जातो, आणि लोक म्हणतात, केवढा खोल माणूस! बाई सासू गेल्यावर एक दिवस रडली नाही, तर लगेच तिच्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागायचं? माझी बाई अशी आहे. ज्यांना कारण हवं त्यांनी घरी जाऊन आपापल्या आईला विचारावं."

खिसेवालीने हे वाक्य लिहून घ्यायला सर्व अकरा खिसे तपासले. शेवटी बाईंनीच पेन दिले. कारण वगळले गेले. ती लढाई बाईंनी जिंकली.

प्रतिज्ञापत्राची लढाई मात्र बरोबरीत सुटली. सरकारी कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या गृहस्थांनी छापील अर्ज पुढे ओढला.

"व्यक्तीचं नाव?"

"नाव नाही."

"सांगायचं नाही, की नाहीच?"

"नाहीच. ती कथेतली आहे."

"हयात की मयत? एक खोडा."

"दोन्ही खोडते."

"दोन्ही खोडलं की अर्ज रद्द होतो. कथेच्या शेवटी जिवंत आहे का?"

"आहे."

"मग हयात. पत्ता?"

"अहो, ती अस्तित्वात नाही हेच तर मी लिहून देतेय."

"ते खालच्या रकान्यात. वर पत्ता लागतो. उद्या नोटीस पाठवायची झाली तर?"

"नसलेल्या बाईला?"

"नसली तर नोटीस परत येईल. तोच तर पुरावा."

एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरांत चुका काढण्यात गेलेल्या बाईंना या उत्तरात चूक सापडेना. त्यांनी पत्त्याच्या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहिला, कारण खरोखरच ती बाई दुसरीकडे कुठे राहत नव्हती. मग साक्षीदारांचा प्रश्न निघाला. त्या व्यक्तीला न ओळखणारे दोन साक्षीदार, ओळखपत्रासह. यजमान आणि नर्सबाई ही दोघे शपथेवर एका बाईला ओळखत नसल्याचे सांगून आली. "थोडीशी ओळखीची वाटली होती," परतताना यजमान हळूच म्हणाले. बाईंनी ऐकले नाही असे दाखवले.

शिक्का उमटला. आता सारे संपले असे वाटले, तोच कायदेवाल्याची फूटपट्टी पान तेहेतीसवर येऊन थांबली.

"बाई, कथेत थोरला मुलगा आहे."

"आहे."

"तुम्हाला थोरला मुलगा आहे."

"आहे."

"मग त्यांची सही लागेल."

पान तेहेतीसवर फार काही घडत नव्हते. थोरला मुलगा, वय वर्षे बारा, आईचा मोडलेला चष्मा कुणी न सांगता दुरुस्त करून आणतो आणि तिच्या हातावर ठेवतो. ती त्याच्याकडे पाहते आणि तिच्या मनात येते: 'किती गुणी मुलगा आहे. कुणाचा असेल?'

"नाहीतर सोपा उपाय आहे," कायदेवाला म्हणाला. "हे पान काढून टाकू. म्हणजे त्यांना दाखवायचंही कारण नाही."

"एका पानाने सिनेमा अडत नाही, बाई," खिसेवालीही म्हणाली. पण म्हणताना तिने मान खाली घातली, म्हणजे अडतो हे तिलाही ठाऊक होते.

बाईंना तर पक्के ठाऊक होते. ते पान गेले, की उरणार होती एक विक्षिप्त वल्ली: पावसात ऊन सांगणारी, जरा गाणारी, बघून हसावे अशी. ते पान होते म्हणून ती बाई होती. आणि ते पान होते म्हणूनच बारा वर्षांत बाईंनी ती कथा थोरल्याच्या हाती लागू दिली नव्हती. घरात मासिकाचा अंक होता तो चादरींच्या कपाटात, सर्वांत खाली.

बाईंचा धाकटा परगावी होता. थोरला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता, दोन गल्ल्या सोडून राहत होता, आणि रोज कचेरीतून सुटला की आधी इकडे येऊन मग घरी जात होता. नळ गळतो का, औषधे संपली का, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली का. बाई त्याला चहा देत, त्याने केलेल्या कामाची तपासणी करत, आणि 'ठीक' म्हणत. आजवर या व्यवस्थेत कुणाला काही खटकले नव्हते, निदान कुणी तसे बोलून दाखवले नव्हते.

साऱ्या इमारतीला मुदत घालून कथा वाचायला लावणाऱ्या बाईंनी थोरल्याची प्रत अकरा दिवस टेबलाच्या खणात ठेवली. रोज तो आला की खण उघडायचा, त्यातून डिंकाची बाटली काढायची, आणि खण लावायचा. बाराव्या दिवशी थोरल्याने विचारले, "आई, रोज डिंक कशाला लागतो?"

बाईंनी प्रत काढली आणि त्याच्यापुढे धरली. मुदत लिहिली नाही. प्रश्नही लिहिला नाही. "तुझी सही लागणार आहे," त्या म्हणाल्या. "आधी वाच. न वाचता केलेली मला चालणार नाही."

पुढचे चार दिवस तो आला, त्याने औषधे आणली, पंख्याची पाती पुसली, आणि कथेबद्दल अवाक्षर काढले नाही. समोरच्या बाईंनीसुद्धा त्या चार दिवसांत कथेत काही सुधारणा सुचवली नाही, यावरून हवा किती तंग होती ते समजावे.

रविवारी सकाळी तो आला. प्रत टेबलावर ठेवली. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"वाचलीस?"

"दोनदा."

"मग?"

"आई, तो मुलगा मी का?"

उत्तर तयार होते. त्यावर शिक्का होता, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि बाईंनी ते तीन बायकांना तोंडपाठ म्हणून दाखवले होते. पात्र काल्पनिक आहे. तीन शब्द. ते म्हणताच सही होणार होती आणि पान तेहेतीस वाचणार होते.

"हो," बाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत पेपरची सळसळ थांबली.

थोरल्याने मान हलवली. "मला वाटायचं, हे मला एकट्यालाच माहीत आहे. तुला माहीत नसेल. तुला कळलं तर वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही." मग तो खुर्चीत नीट सरसावून बसला. "पण तू चूक लिहिलंयस."

"काय चूक लिहिलंय?" ही मात्र आई नव्हती, मुख्याध्यापिका होती.

"चष्मा मी दुरुस्त करून आणला, ते खरं. पण मोडला होता मीच."

"बसला असशील त्याच्यावर."

"नाही. मोडला. दोन्ही हातांनी, काडी धरून. तू तासभर धाकट्याचं अक्षर बघत होतीस. मला म्हणालीस, तुझं नंतर बघते. मग बघितलंच नाहीस. म्हणून मोडला. मग घाबरलो आणि दुकानात नेला. तू म्हणालीस, गुणी आहेस. म्हटलं, आता कशाला सांगा."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, पाहिला, पुन्हा घातला.

"आणखी काही आहे?"

थोरल्याने जरा विचार केला. "तुझ्या शाळेच्या घंटेची हातोडी हरवली होती, आठवतं?"

आठवते म्हणजे काय! त्या प्रकरणी बाईंनी चौकशी समिती नेमली होती. पंधरा दिवस शाळा थाळी बडवून सुटत होती.

"त्या समितीपुढे तू साक्ष दिली होतीस!"

"हो. चांगली दिली होती. तूच शाबासकी दिलीस."

"कुठे आहे ती?"

"माझ्याकडे आहे. कपाटात, सर्वांत खाली."

चष्म्याच्या त्या दिवसापासून सदतीस वर्षे हा माणूस बाईंपुढे बसून चहा पीत होता, आणि त्यांनी त्याचे एक पानही उलटून पाहिले नव्हते.

"पण आता सहीचं काय?" त्या पुटपुटल्या. "मी हो म्हणून बसले. प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं."

"नाही ठरत," थोरला म्हणाला. त्याने कायदेवाल्याचा कागद ओढला आणि बाईंचे पेन उचलले. "तो मुलगा गुणी आहे, आई. सांगितलेलं सगळं ऐकतो, मनात काही ठेवत नाही. असा कुणी मला तरी माहीत नाही. हे पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे." आणि त्याने खाली, ठसठशीत अक्षरात, सही केली. अक्षर सुंदर होते. ते तसे केव्हा झाले, हे बाईंना सांगता आले नसते.

"उठू नकोस," त्या म्हणाल्या. "बैस. पहिल्यापासून सांग. साक्षीत काय काय खोटं बोललास, सगळं. वगळायचं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी या वेळी तो धाकट्याचाच असतो, आणि दुसऱ्यांदा वाजायच्या आत बाई तो उचलतात, असा घरातला अलिखित नियम. तो पाच वेळा वाजला. शेवटी यजमान आतून आले आणि त्यांनी उचलला.

"नाही रे, आत्ता नाही बोलता येणार तिला," ते म्हणाले. "थोरल्याची चौकशी चाललीय. बराच वेळ चालेल असं दिसतंय."